आप्पांचा घट्टा

शहापूर, बेळगाव
१२ जून २०२४

आक्का,

तुझ्या पायावर डोकं ठेवतो, पण आज ते तापलेलं आहे, तेवढे पाय सांभाळ.

फोन का करत नाही म्हणून दाजी कुरकुरत असतील. त्यांना सांग, माझ्या उजवीकडं पॉवरलूम, डावीकडं पॉवरलूम आणि आता मागच्या खोलीत माझ्याच पोराचे पॉवरलूम. फोन कानाला लावला तर बहीण बोलते की पट्टा फिरतो हे कळत नाही. विनोद त्याला विणकाम म्हणतो. बटण दाबायचं आणि तंबाखू मळत बसायचं, हे विणकाम असेल तर पिठाच्या गिरणीवालाही विणकरच म्हणायचा. या गल्लीत हातमागावर बसणारा मी एकटा उरलोय, आणि बाकीचे माझ्याकडं जत्रेतल्या दोन डोक्यांच्या वासराकडं बघावं तसं बघतात.

आता मुद्द्याचं. सौम्यानं धुण्यात माझा बनियन बघितला. डाव्या बाजूला तांबूस डाग. आमच्या सूनबाईंनी सासऱ्याला विचारायचं सोडून नवऱ्याला दाखवला, आणि नवरा म्हणजे तिचा हुकूम ऐकायला जन्माला आलेला. दुसऱ्या दिवशी त्यानं मला स्कूटरवर घातलं आणि मोठ्या दवाखान्यात नेलं.

तुला ठाऊकच आहे, आपलं घराणं बुटक्यांचं. मागाचा जो आडवा दांडा चारचौघांच्या पोटाला लागतो तो आपल्या छातीला लागतो. तिथं घट्टा पडतो. आप्पांना होता, मला आहे. आप्पा म्हणायचे, "ज्याच्या छातीला घट्टा न्हाय, त्यो विणकर न्हाय, नुसता बसणारा." आता अलीकडं त्या घट्ट्यातून कधीतरी थेंबभर रक्त येतं. साठी उलटली, कातडी पातळ झाली, येणारच. पण या दीडशहाण्यांना त्यात गाठ दिसली.

आणि बसवलं कुठं, तर बायकांच्या रांगेत. बाकावर सगळ्या बायका, मध्ये मी. पुकारणारी पोरगी ओरडली, "केदारीबाई कोण?" मी उठलो. बाक हसला. एक म्हातारी कनवाळूपणे म्हणाली, "बस रं बाबा, तुझी बायकू आत गेल्या व्हय?" बायको जाऊन सहा वर्षं झाली हे तिला काय सांगू. मी तिथून निघालो तो थेट चालत घरी आलो.

गडीमाणसाला तिथला रोग होतो म्हणे. उद्या म्हणतील बाळंतपण होतं. विनोद रोज डोकं खातो. तो मला जुमानत नाही, पण तुझ्या जिभेला घाबरतो. त्याला चार खरमरीत ओळी लिही.

तुझा
केदारी

संकेश्वर
२० जून २०२४

केदारी, आशीर्वाद.

विनोदला वेगळं पत्र टाकलं आहे. वाचून त्याच्या कानातून धूर निघाला नाही तर माझं नाव अंजनी नाही.

डॉक्टर लोकांना माणूस दिसत नाही, गिऱ्हाईक दिसतं. इथं दाजींचा गुडघा दुखला तर त्यांचं पोट तपासलं, पोट चांगलं निघालं म्हणून डोळे तपासले. शेवटी गुडघा आपला आपण राहिला. आणि तुझी सून फार शिकलेली आहे हा त्या घरातला खरा रोग. शिकलेल्या बायकांना डाग दिसला की धुवायचा नसतो, त्याच्यावर चर्चा करायची असते.

घट्ट्याला कधी डॉक्टर लागतो का? तू धाकटा, तुला आठवत नसेल. आप्पांचा घट्टासुद्धा शेवटी शेवटी वाहायचा. छातीचं बोंड आत ओढलं गेलं होतं. आई त्यात हळद भरायची आणि वर जुन्या लुगड्याची घडी बांधायची. तरी आप्पांनी मागावरचं बसणं सोडलं नाही. ते गेले छातीत पाणी होऊन, घट्ट्यानं नव्हे. ते दवाखान्यात गेले असते तर आणखी दोन वर्षं आधी गेले असते.

बेळगावच्या बसच्या कंडक्टरकडे तेलाची बाटली दिली आहे. दोन वेळा चोळ आणि गप्प बस.

मंजूला निपाणीचं स्थळ आलं आहे. मुलगा पुण्यात नोकरीला आहे, बरा आहे. आई मात्र नाकानं कांदे सोलते. आमच्या घरात आल्यावर खुर्चीवर बसायच्या आधी पदरानं पुसून घेतली. पण मुलगी सत्तावीसची झाली, बँकेत नोकरी करते, तोंडही माझ्यासारखंच आहे, त्यामुळं मी त्या बाईपुढं गोड हसत बसले. जमलं तर वैशाखात उडवून देऊ. तू मंडपात मामा म्हणून उभा राहायचा आहेस, तोवर छाती फुगवून ठीक राहा.

आक्का

शहापूर
१५ जुलै २०२४

आक्का,

तुझं पत्र वाचून विनोदनं दोन दिवस दवाखान्याचं नाव काढलं नाही. सौम्यानं एक दिवसही सोडलं नाही. पदर खोचून माझ्या मागासमोर उभी राहिली, "अण्णा, तुमी दवाखान्यात येत न्हाय तवर मी जेवत न्हाय." मी म्हटलं, तांदूळ वाचतील. पण संध्याकाळपर्यंत ती खरंच जेवली नाही, आणि तिला दुसरा महिना. ही असली माणसं उपास देवासाठी करत नाहीत, सासऱ्यावर चाल करायला करतात. मी गेलो.

डॉक्टरीण धारवाडकडची. वय माझ्या सुनेएवढं, मराठी मोडकं, आवाज मात्र मामलेदाराचा. मी तिला सुरुवातीलाच सांगितलं, हे विणकराचं आहे, तुम्हाला कळायचं नाही. ती रागावली नाही. तिनं टेबल माझ्यापुढं ओढलं आणि म्हणाली, "ई, म्हणजे हे टेबल, तुमचा माग. बसा, विणून दाखवा." मी बसलो, हात फेकले, पाय मारले, बाहेर दोन नर्सा तोंडाला रुमाल लावून बघत होत्या. मग तिनं माझ्या छातीवर दांडा टेकतो तिथं बोट ठेवलं. तिथली कातडी जाड, काळी, कोरडी. दुसरं बोट तिनं डाव्या बोंडाखाली ठेवलं. दोन बोटांत चांगलं चार बोटांचं अंतर होतं. म्हणाली, "हा घट्टा आहे आजोबा. तो वेगळा आहे."

मी हरणारा माणूस आहे का? मी सांगितलं, आमच्या आप्पांनाही असाच होता. असाच वाहायचा, बोंड असंच आत होतं, माझ्या सख्ख्या बहिणीनं लिहून पाठवलंय. मला वाटलं तिची बोलती बंद होईल. उलट हातातलं सगळं बाजूला ठेवून तिनं खुर्ची माझ्याजवळ ओढली. तिनं आप्पा कशानं गेले ते विचारलं. मी सांगितलं, छातीत पाणी होऊन. ती ते लिहून घ्यायला लागली.

सुई टोचून तुकडा काढून घेतलाय. त्यातून काय निघायचं? सुताचा गुंडा निघेल फार तर.

केदारी

शहापूर
२८ जुलै २०२४

आक्का,

रिपोर्ट आला. घट्टाच आहे. काढून टाकू म्हणतात. तेल पाठवू नको.

केदारी

संकेश्वर
१० ऑगस्ट २०२४

केदारी,

तू लहानपणी खोटं बोलायचास तेव्हाही एवढंच बोलायचास.

तुला दवाखान्यात झोपवलंय हे त्या बसच्या कंडक्टरकडून कळलं. घट्टा काढायला न्हावी पुरतो. त्यासाठी दवाखान्यात झोपवत नाहीत, आणि विनोद कामाचे दोन दिवस बुडवून धावत नाही. मी त्याला फोन केला तर तो "आत्या, मग बोलतो" म्हणाला आणि मग बोललाच नाही. तुझी सून तर फोनवर नुसती नाक ओढत होती. तुमच्या घरात पडसं आलं आहे का?

साठ वर्षं एका घराण्याची माणसं आहोत. मी तुझी थोरली बहीण आहे, शेजारीण नव्हे. काय कापलं ते लिही.

आक्का

शहापूर
२४ सप्टेंबर २०२४

आक्का,

लिहितो. वाचताना बस.

कॅन्सर होता. स्तनाचा. हा शब्द मी आजवर हाताने लिहिला नव्हता. गड्यांनाही होतो, असल्या शंभर रोग्यांत एखादा गडी असतो, आणि तो एखादा आपल्या घराण्याला मिळाला. डावी बाजू बोंडासकट काढली, काखेतल्या गाठीही काढल्या. डॉक्टरीण म्हणते, सहा महिने आधी आला असता तर काखेपर्यंत गेलं नसतं. सहा महिने आधी मी आरशात बघून त्याला घट्टा म्हणत होतो.

बायकांच्या वॉर्डात पडलो होतो. तिथल्या बायकांनी मला पहिल्या दिवशी पडद्याआड ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी चहात किती साखर ते विचारायला लागल्या. त्यांची गोष्ट सोड. गल्लीची सांगतो. बघायला येणारा प्रत्येक जण तोंडाकडं न बघता सदऱ्याकडं बघतो. मष्णू आला, बिस्किटाचा पुडा ठेवला आणि म्हणाला, "गड्याचं ते असतंय तर कशाला? गेलं तर गेलं." त्याच्या डोक्याबद्दल मलाही तेच म्हणायचं होतं. जोतिबाच्या बायकोनं तर सौम्याला विचारलं, हे ताटातनं पसरतं का. मी त्या दिवसापासून तिच्या घरचा चहा मुद्दाम मागून पितो.

आता गोळ्या. पाच वर्षं घ्यायच्या, त्याही बायकांच्या. त्या घेतल्या की अंगातून वाफा निघतात, घाम फुटतो, बसल्या जागी चिडचिड होते. तुला तुझ्या पंचेचाळिशीत व्हायचं तेव्हा मी थट्टा करायचो. आता तुझी पाळी, कर.

हे सगळं तुला न सांगता मी जगलो असतो. पण पुढचं सांगायलाच हवं. आप्पांची हकीगत ऐकल्यावर डॉक्टरणीनं माझं रक्त वेगळ्या तपासणीला पाठवलं. ते परवा आलं. रक्तातच दोष आहे, आईबापाकडून लेकराला जातो, निम्म्यांना जातो, निम्म्यांना नाही. आप्पांचा घट्टा नव्हता आक्का. त्यांच्या छातीत पाणी झालं ते त्याचंच.

मला आला तो तुलाही आला असेल. तुला आला असेल तर मंजूलाही असेल, आणि बाईच्या अंगात तो गड्यापेक्षा कितीतरी पट वाईट. रक्त तपासून घे. आधी कळलं तर वाचतं. विनोदचंही रक्त दिलंय. भ्यायलोय मी. स्वतःसाठी नाही, तुम्हां दोघींसाठी.

केदारी

संकेश्वर
२ ऑक्टोबर २०२४

केदारी,

पत्र चुलीत घातलं.

तुला रोग झाला, वाईट झालं, मी रडले. तेवढं पुरे. पण मेलेल्या बापाच्या नावावर तो टाकायला तुला लाज वाटली नाही? आप्पांनी कधी कुणाचं बोटभरही वाईट केलं नाही, आणि तू त्यांना पोरांना विष देणारा ठरवतोस. कालची पोरगी धारवाडहून येते, टेबलावर माग मांडते आणि तू तिच्या पाया पडतोस. आपल्या आईनं ज्याला घट्टा म्हटलं तो घट्टाच होता.

आणि हे असलं उघड्या पत्रात लिहून पाठवायचं? दाजींनी आधी वाचलं असतं तर? निपाणीवाल्यांनी होकार कळवला आहे. ती बाई खुर्ची पुसून बसणारी. "मामाला बायकांचा रोग झालाय आणि तो रक्तातनं येतो" एवढं तिच्या कानावर गेलं तर ती आमच्या गल्लीतून जाताना नाक धरून जाईल. मग दुसरं स्थळ नाही, तिसरं नाही. संकेश्वरात बातमी कारखान्याच्या मळीच्या वासासारखी पसरते.

मंजूला एक अक्षर कळता कामा नये. तिला फोन करशील तर मला भाऊ नाही असं समजेन.

अंजनी

शहापूर
९ ऑक्टोबर २०२४

आक्का,

सहीत नुसतं अंजनी लिहिलंस. म्हणजे भांडण खरं आहे.

आप्पांवर आळ घेतो म्हणतेस. आप्पांनी आपल्याला बसकं नाक दिलं, बुटकी उंची दिली, ही जीभ दिली, ते सगळं आपण मिरवतो. हे एक तेवढं त्यांनी दिलं नाही? त्यांना ठाऊक नव्हतं. आईला ठाऊक नव्हतं, तिनं हळद भरली. तुला आता ठाऊक आहे. तू हळद भरणार असशील तर ते अडाणीपण नाही, त्याला दुसरा शब्द आहे आणि थोरल्या बहिणीला मी तो लिहीत नाही.

चार माणसांत नाक कापलं जाईल म्हणून तू घाबरतेस. माझं काय कापलंय ते मी लिहिलंच आहे. नाक परवडलं.

तुझ्या त्या निपाणीच्या बाईचं मला कौतुक वाटतं. अजून सून घरात आली नाही आणि तुझ्यासारख्या बाईची वाचा बसवली. तिनं खुर्ची पुसली म्हणून तू आपल्या पोरीच्या जिवावर झाकण घालणार. असल्या घरात मंजू गेली आणि दहा वर्षांनी तिच्या चोळीला डाग दिसला, तर ती बाई तिला दवाखान्यात नेईल की माहेरी आणून टाकेल, तूच सांग.

मी मंजूला फोन करणार नाही. तुझ्या शब्दाबाहेर जाणार नाही. पण माझाही शब्द ऐक. मंडपात पोरीच्या पाठीशी मामा उभा राहतो. तुला भाऊ एकच आहे. मंजूचं किंवा तुझं रक्त तपासल्याशिवाय मी उभा राहणार नाही. मामाशिवाय पोर बाहेर कशी काढायची ते तू ठरव, आणि सख्खा मामा बेळगावात जिवंत असून का आला नाही, हे निपाणीच्या बाईला काय सांगायचं तेही तूच ठरव. ती विचारेलच. असल्या बायका अक्षता टाकण्याआधी माणसं मोजतात.

विनोदचं रक्त चांगलं निघालं. सौम्या जेवली.

केदारी

संकेश्वर
७ जानेवारी २०२५

केदारी,

तीन महिने पत्र नाही म्हणून तू मला मेलेली धरलं असशील. जिवंत आहे. सगळं क्रमानं सांगते, मध्ये तोंड घालू नकोस.

तुझं पत्र मी चुलीत घातलं नाही. पहिलंही घातलं नव्हतं. दोन्ही डाळीच्या डब्याखाली आहेत.

मी विचार केला, हे आप्पांकडून आलं असेल तर माझ्यातूनच मंजूकडं जाणार. माझ्यात नसेल तर तिच्यात नाही. मग तिला सांगायचं कारण नाही, निपाणीला कळायचं कारण नाही आणि तुझीही खोड मोडेल. म्हणून एकटी निघाले. दाजींना सांगितलं, शहापूरला भावाला बघायला जाते. शहापुरावरूनच गेले, तुझ्या गल्लीच्या तोंडावर पॉवरलूमचा खडखडाट ऐकला आणि वळले नाही. तुझी ती धारवाडची डॉक्टरीण खरंच मामलेदारीण आहे. मला बघून म्हणाली, "केदारी आजोबांच्या बहीण ना? नाक तेच." रक्त दिलं आणि परत आले.

महिन्यानं बोलावलं. माझ्यात आहे.

मग मंजूला सांगावंच लागलं. चुलीपुढं बसवून सांगितलं. मला वाटलं रडेल. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, ऑक्टोबरपासनं ठाऊक असून तू साड्या बघत हिंडलीस व्हय?" आजवर मला एवढ्या तुच्छतेनं कुणी बोललं नव्हतं, तूसुद्धा नाही. तिनं दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून रक्त दिलं आणि त्याच संध्याकाळी निपाणीच्या मुलाला स्वतः फोन करून सगळं सांगितलं. मुलगा "आईला विचारून कळवतो" म्हणाला. आईनं कळवलंच नाही. मध्यस्थाकडून निरोप आला की पत्रिकेत थोडी अडचण निघाली आहे. दोन महिने ती पत्रिका त्यांच्याच घरात होती, तेव्हा त्यातली अडचण झोपली असेल.

मंजूचं रक्त गेल्या आठवड्यात आलं. तिच्यात नाही. एवढं वाक्य लिहायला मी तीन महिने जगले आहे, म्हणून पुन्हा लिहिते. मंजूत नाही.

मी देवापुढं साखर ठेवली, आणि दाजींनी आनंदानं मध्यस्थाला फोन केला. त्या माणसाला सगळं सांगायची दाजींना मोठी हौस. तासाभरात निपाणीहून फोन. खुर्ची पुसणारी बाई म्हणाली, "पत्रिका दुसऱ्या गुरुजींना दाखवली, जुळत्या." मंजूनं फोन घेतला आणि सांगितलं, "काकू, तुमच्या पोराचं लगीन माझ्या रिपोर्टशी लावा, मी येत न्हाय." आणि ठेवून दिला. मी आयुष्यभर गोड हसत बसून जे मिळवलं नाही ते तिला एका वाक्यात मिळालं. तिचं लग्न कधी व्हायचं तेव्हा होईल. मामा पाठीशी उभा राहायला मोकळा आहे, कारण रक्त तपासलं आहे.

आता माझं. रक्त तसं निघाल्यावर डॉक्टरणीनं माझी छाती मशीनवर तपासली. उजवीकडं वाटाण्याएवढं काहीतरी आहे. हाताला लागत नाही, मला दुखत नाही, मला कधीच कळलं नसतं. तुकडा तपासला. तेच आहे. पण लहान आहे, काखेत नाही. डॉक्टरीण म्हणाली, तुम्ही वेळेवर आलात. मी तिला सांगितलं नाही की मी वेळेवर आले नव्हते, तुझी खोड मोडायला आले होते.

दोन्ही बाजू काढायच्या असं ठरलं आहे, म्हणजे पुन्हा भीती नको. पुढच्या सोमवारी भरती. मंजू आणि दाजी सोबत येतील. सौम्यानं आठव्या महिन्यातही डबा पाठवायचं कबूल केलं आहे. तिच्याबद्दल मी जे लिहिलं ते तिला सांगू नकोस, मी माझ्या तोंडानं बघते.

मला भीती वाटते केदारी. मी कधी कुणाला हे म्हटलं नाही. दाजींपुढं म्हणता येत नाही, ते माझ्या आधी रडतात. मंजूपुढं तर नाहीच.

तू रविवारी इकडं ये. मुक्काम कर. दुपारी सगळे झोपले की आपण दार लावून घेऊ. मग तू सदरा काढ. कापलेली जागा मला बघायची आहे. लाजू नकोस, आई मागावर असायची तेव्हा तुला न्हाऊ घालायचं काम माझंच होतं. नुसतं बघेन, आणि तू म्हणालास तर हात लावेन. दुसऱ्या कुणाची बघायची हिंमत मला नाही.

आक्का